जागतिक बँकेची मोफत आकडेवारी: मदत, लोकशाही आणि वाढ यांचा हिशेब लावायला किती कामाची?

परदेशी मदतीने गरीब देश वर येतात का, आणि लोकशाही असेल तर लवकर येतात का, हा प्रश्न गोव्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हमखास खुणावतो. आकडे शोधायला बहुतेक जण थेट जागतिक बँकेच्या डेटा संकेतस्थळावर जातात, दोन आलेख काढतात, रेषा खाली उतरताना दिसते आणि ‘मदतीने वाढ खुंटते’ असे लिहून मोकळे होतात. आकडे बरोबर असतात, निष्कर्ष चुकतो. ही सेवा फार मोलाची आहे, म्हणूनच ‘छान आहे, फुकट आहे’ एवढ्यावर तिचे परीक्षण सोडणे बरे नाही. ती नेमके काय देते, काय देत नाही आणि पाय कुठे घसरतो, ते इथे मांडले आहे. शिक्षकांना, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना आणि वर्तमानपत्रांत आर्थिक विषयांवर लिहिणाऱ्यांनाही ते उपयोगी पडावे.

आधी व्यवहाराचे बोलू. ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स’ हा संच पूर्वी वर्गणी भरून घ्यावा लागे. एप्रिल २०१० मध्ये तो सर्वांना मोफत खुला झाला. खाते उघडावे लागत नाही. २१७ देश-प्रदेश, १९६० पासूनची वर्षे आणि चौदाशेहून अधिक निर्देशक त्यात आहेत. स्रोत नमूद केला की आकडे छापता येतात, पुस्तकात वापरता येतात, त्यावर नवे तक्ते बनवता येतात. भाषा मात्र इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी आणि चिनी. मराठी सोडाच, हिंदीही नाही. ही उणीव खरोखर खटकते, कारण सगळी गोम निर्देशकाखालच्या बारीक टिपांत असते आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी नेमक्या त्याच टिपा ओलांडून पुढे जातो.

आत शिरायच्या वाटा दोन. एकेका निर्देशकाचे स्वतंत्र पान असते. एक देश, एक आकडा, एक आलेख एवढेच हवे असेल तर ते पुरे. प्रकल्पासाठी ‘डेटाबँक’ उघडावी. तिथे देश, मालिका आणि काळ असे तीन रकाने भरायचे. भरून झाल्यावर ‘लेआउट’मध्ये जाऊन काळ आणि देश आडव्या ओळींत, मालिका उभ्या स्तंभांत ठेवावी. मूळ मांडणीत वर्षे स्तंभांत पसरलेली असतात. ती तशीच उतरवून घेतली की पुढे सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा तक्ता उलटवत बसावे लागते. ‘आर’ किंवा ‘स्टेटा’ वापरणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये. दोन्हींसाठी तयार पॅकेज आहेत आणि निर्देशकाचा कोड दिला की देश-वर्ष अशा ओळींत आकडे थेट येतात.

निर्देशकाच्या पानावरून सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेल्या तक्त्याची साधी फाइल) घेतली तर एका झिपमध्ये तीन फायली मिळतात. मुख्य फाइल एक्सेलमध्ये उघडली की पहिल्या चार ओळी आकड्यांच्या नसतात: स्रोताचे नाव, कोरी ओळ, शेवटच्या सुधारणेची तारीख, पुन्हा कोरी ओळ. स्तंभांची नावे पाचव्या ओळीत. त्या चार ओळी वगळायला सांगितले नाही तर सॉफ्टवेअर सगळ्या स्तंभांना मजकूर समजते आणि सरासरी निघत नाही. डेटाबँकेतून घेतलेल्या फायलीत रिकाम्या जागी दोन टिंबे असतात. ती आधी काढून टाकावीत. ती तारखेची ओळ मात्र पुसू नये, प्रकल्पात लिहून ठेवावी. जुन्या वर्षांचे आकडेही मागाहून बदलतात. सहा महिन्यांनी दुसऱ्याने तोच निर्देशक उतरवला आणि उत्तर जुळले नाही, तर वाद या तारखेवर मिटतो.

याहून महागात पडणारी चूक दुसरीच. देशांच्या यादीत ‘अरब जग’, ‘दक्षिण आशिया’, ‘कमी उत्पन्नाचे देश’ असे सुमारे पन्नास समूह देशांच्याच ओळीने मिसळलेले असतात. ते तसेच ठेवले तर भारत एकदा स्वतः, एकदा दक्षिण आशियात, पुन्हा आपल्या उत्पन्नगटात असा अनेकदा मोजला जातो. उपाय सोपा आहे. झिपमधल्या देशांच्या माहितीच्या फायलीत ‘रीजन’ हा स्तंभ असतो. समूहांसमोर तो कोरा असतो. कोऱ्या ओळी गाळल्या की उरतात ते खरे देश.

आता मूळ विषय, मदत. मदतीसाठी इथे एकाहून अधिक निर्देशक आहेत: मिळालेली निव्वळ अधिकृत विकास मदत चालू डॉलरमध्ये, तीच स्थिर डॉलरमध्ये (महागाईचा परिणाम काढून), दरडोई, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत. वाढीशी संबंध पाहायचा तर टक्केवारीचा घ्यावा. हे आकडे जागतिक बँक स्वतः गोळा करत नाही. ते ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास मदत समितीकडून येतात, आणि त्या समितीची व्याख्या समजून घेतल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नये. मदत म्हणजे केवळ अनुदान नव्हे. सवलतीचे कर्जही मदतच. पूर्वी १० टक्के वटावाच्या दराने (पुढच्या रकमेची आजची किंमत काढण्याच्या दराने) हिशेब करून कर्जात किमान २५ टक्के अनुदानाचा अंश असला की ते मदतीत धरत. आता वटावाचे दर देशाच्या उत्पन्नगटानुसार, सर्वांत गरीब गटापासून, ९, ७ आणि ६ टक्के आहेत आणि अनुदानाच्या अंशाची किमान मर्यादा ४५, १५ आणि १० टक्के. देणाऱ्या देशांचा एकूण आकडा २०१८ पासून अनुदान-समतुल्य पद्धतीने, म्हणजे कर्जातला फक्त अनुदानाइतका भाग मोजून, जाहीर होतो, तर घेणाऱ्या देशांपुढचा आकडा अजून निव्वळ प्रवाहाचा, म्हणजे आलेल्या पैशातून परत केलेले मुद्दल वजा करून. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवू नयेत.

निव्वळ आकड्याची आणखी एक गंमत अशी की तो उणे जाऊ शकतो. २०१० नंतरच्या अनेक वर्षांत चीनसमोर उणे आकडा दिसतो, कारण जुन्या सवलतीच्या कर्जांची परतफेड नव्या मदतीपेक्षा जास्त होती. अशा आकड्याचा लॉग (लॉगरिदम) घेतला की सॉफ्टवेअर ती ओळ गुपचूप टाकून देते, आणि नेमके मदतीतून बाहेर पडलेले यशस्वी देश अभ्यासातून नाहीसे होतात.

नायजेरियाची मालिका उघडून पाहिली की व्याख्येचा परिणाम डोळ्यांसमोर येतो. वर्षानुवर्षे रांगणारी रेषा २००५ आणि २००६ मध्ये सुळक्यासारखी वर जाते आणि लगेच खाली येते. त्या दोन वर्षांत नायजेरियात शाळा, रस्ते, दवाखाने यांचा पूर आलेला नव्हता. ऑक्टोबर २००५ मध्ये पॅरिस क्लबच्या धनको देशांशी करार झाला, सुमारे १८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ झाले, आणि कर्जमाफी मदतीत धरली जाते. देशात नवा पैसा आला नाही, कागदावर मात्र मदत कित्येक पटींनी वाढली. अशी दोन वर्षे सरासरीत राहिली तर त्या देशापुरता ‘मदत आणि वाढ’ हा सगळा हिशेब बिघडतो. जागतिक एकूण आकड्यातही अशीच गाठ आहे: देणाऱ्या देशाने स्वतःच्या भूमीवर निर्वासितांवर केलेला पहिल्या वर्षाचा खर्च मदतीत मोजता येतो. त्यामुळे ‘जगाने दिले’ आणि ‘गरीब देशांना पोचले’ यांची बेरीज जुळत नाही, आणि ती जुळवण्यात वेळ घालवू नये.

मदत कशाची होती हे जागतिक बँकेच्या पानावर कळत नाही. त्यासाठी ओईसीडीच्या ‘क्रेडिटर रिपोर्टिंग सिस्टिम’ या प्रकल्पवार नोंदींच्या संचाकडे जावे लागते. तीही मोफत आहे. २०२४ मध्ये ओईसीडीने जुने संकेतस्थळ बंद करून ‘डेटा एक्सप्लोरर’ आणले, त्यामुळे जुन्या पुस्तकांत दिलेले दुवे चालत नाहीत. या नोंदी कशा वाचायच्या हे शिकायला गोव्यातच एक चांगले उदाहरण आहे. आपल्याकडे ज्याला सगळे ‘जायका’ म्हणतात तो पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण प्रकल्प जपानच्या विकास कर्जातून उभा राहिला. करार २००७ चा, रक्कम सुमारे २२.८ अब्ज येन, म्हणजे त्या वर्षीच्या सरासरी दराने १९ कोटी डॉलरहून थोडी अधिक. साळावलीच्या पाणी प्रकल्पाला दिवसाला १० कोटी लिटर क्षमतेची वाढ, मडगाव, म्हापसा आणि उत्तर किनारपट्टीतले मलनिस्सारण ही त्यातली मुख्य कामे. शोधताना देणारा जपान, घेणारा भारत, क्षेत्र १४० म्हणजे पाणी आणि स्वच्छता, वर्ष २००७ असे निवडावे. राज्याचा रकाना नसतो, म्हणून प्रकल्पाच्या नावातला ‘गोवा’ शोधावा लागतो.

इथे ‘वचन’ आणि ‘वितरण’ हे दोन वेगळे स्तंभ नीट पाहावेत. वचन करार होताच एकरकमी दिसते. वितरण कामाच्या गतीने पुढची कित्येक वर्षे थेंबाथेंबाने होते. वाहिन्या खणून, टाक्या बांधून, घरे जोडून होईपर्यंत आर्थिक परिणाम सुरूही होत नाही. ज्याने २००७ चे वचन २००८ च्या वाढीशी जोडले त्याला ‘परिणाम शून्य’ असेच उत्तर मिळणार. हाच प्रकल्प दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१५ च्या जुलैत लुईस बर्जर इंटरनॅशनल या अमेरिकी सल्लागार कंपनीने भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेतमधील लाचखोरीच्या आरोपांवरून अमेरिकी न्याय खात्याशी तडजोड करून १ कोटी ७१ लाख डॉलरचा दंड मान्य केला. त्या कागदपत्रांत गोव्याच्या पाणी प्रकल्पाचा उल्लेख होता. मदतीचा पैसा ‘वितरण’ स्तंभात पूर्ण दिसतो, पण त्यातला किती जमिनीत नळ होऊन उतरला, हे कोणत्याच स्तंभात दिसत नाही.

दोन मोठ्या गैरहजेऱ्याही माहीत असाव्यात. पहिली तैवानची. अमेरिकी मदत घेऊन उभा राहिलेला, १९६५ मध्ये ती आर्थिक मदत संपली तरी वाढत राहिलेला आणि पुढे लोकशाहीकडे वळलेला हा देश या चर्चेतले सर्वांत मोलाचे उदाहरण, पण जागतिक बँकेच्या यादीत तो स्वतंत्रपणे नाहीच. त्यासाठी ‘पेन वर्ल्ड टेबल’ हा देशोदेशीच्या उत्पन्नाचा वेगळा संच वापरावा. दुसरी गैरहजेरी चीनने दिलेल्या पैशाची. चीन ओईसीडीच्या विकास मदत समितीला आकडे देत नाही. विल्यम अँड मेरी विद्यापीठातल्या ‘एडडेटा’ या प्रयोगशाळेने २००० ते २०२१ या काळातले २०,९८५ प्रकल्प, १६५ देश आणि १.३४ लाख कोटी डॉलर अशी नोंद जमवली आहे. त्यातला बराच भाग बाजारभावाच्या जवळचे कर्ज आहे, सवलतीची मदत नव्हे, त्यामुळे ती रक्कम मदतीच्या स्तंभात ओतू नये. श्रीलंका, झांबिया, लाओस यांच्यावर लिहिणाऱ्याने मात्र ती वगळून चालणारच नाही.

वाढीचा आकडा निवडताना कोडमधली दोन अक्षरे पाहिली तरी पुरते. ‘एनवाय.जीडीपी.पीसीएपी.केडी.झेडजी’ या कोडात ‘केडी’ म्हणजे स्थिर डॉलर, ‘झेडजी’ म्हणजे वार्षिक वाढ. ‘केडी’च्या जागी ‘सीडी’ असेल तर तो चालू डॉलरचा आकडा. त्यात महागाई आणि विनिमयदराचे चढउतार मिसळलेले असतात. चलन घसरले त्या वर्षी अर्थव्यवस्थाच आटली असे त्यावरून वाटते. ‘पीपी’ दिसले तर क्रयशक्तीने जुळवलेला आकडा. देशादेशांची पातळी तोलायला तो चांगला, पण तो मागे १९९० पर्यंतच जातो. पायाभूत वर्ष बदलण्यानेही गोंधळ होतो. घानाने २०१० मध्ये नवे पायाभूत वर्ष घेतले तेव्हा सकल उत्पन्न सुमारे ६० टक्क्यांनी वाढले, नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये घेतले तेव्हा ८९ टक्क्यांनी. लोक एका रात्रीत श्रीमंत झाले नव्हते. आधी न मोजलेले धंदे मोजणीत आले. पण ‘उत्पन्नाच्या टक्केवारीत मदत’ काढताना छेद बदलला की टक्केवारी कोसळते, आणि जुनी-नवी आकडेवारी मिसळणाऱ्याला वाटते की मदतच कमी झाली.

आता लोकशाही. इथे जागतिक बँक खरोखर अपुरी पडते. तिच्या ‘वर्ल्डवाइड गव्हर्नन्स इंडिकेटर्स’मध्ये ‘आवाज आणि उत्तरदायित्व’ असा निर्देशक १९९६ पासून आहे, पण मूळ पद्धतीत तो दरवर्षी जगाची सरासरी शून्य धरून बेतलेला. सगळे जग एकदम मागे सरकले तरी सरासरी शून्यच राहते. एका वर्षात देशांची उतरंड लावायला ठीक, तीस वर्षांचा प्रवास दाखवायला नाही. म्हणून जोडीला स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचा ‘व्ही-डेम’ संच घ्यावाच लागतो. तो १७८९ पासूनचा आहे, सुमारे २०० देशांचा, आणि हजारो तज्ज्ञांच्या उत्तरांवर उभा. निर्देशांक ० ते १ असा असतो आणि प्रत्येक आकड्यासोबत खालची-वरची मर्यादा दिलेली असते. या मर्यादा गाळून ०.४१ आणि ०.४४ मध्ये फरक शोधणारे पुष्कळ आहेत. मर्यादा एकमेकींत शिरत असतील तर तो फरक नसल्यातच जमा. उतरवताना ‘कोअर’ फाइल घ्यावी. ‘फुल’ फाइल इतकी मोठी असते की साधा लॅपटॉप उघडतानाच धापा टाकतो आणि एक्सेलमध्ये ती चाळणे जिवावर येते.

जुन्या मोजपट्ट्या वापरायच्या तर दोन खड्डे चुकवावेत. ‘पॉलिटी’ हा संच उणे १० ते अधिक १० असा आहे आणि २०१८ ला थांबतो. त्यात परकी ताबा, अराजक आणि संक्रमण यांसाठी उणे ६६, उणे ७७, उणे ८८ असे खुणेचे आकडे आहेत. ते तसेच सरासरीत गेले तर अफगाणिस्तानची लोकशाही शून्याच्या खाली खोल पाताळात जाते. ‘पॉलिटी२’ हा दुरुस्त केलेला स्तंभ वापरला की प्रश्न मिटतो. ‘फ्रीडम हाऊस’च्या १ ते ७ या पट्टीत १ म्हणजे सर्वाधिक स्वातंत्र्य. दिशा उलटी न करता ती वापरली तर ‘लोकशाही वाढली की वाढ घटते’ असे निघते आणि विद्यार्थी तेच मोठ्या आत्मविश्वासाने सादर करतो.

जागतिक बँकेचा आणि व्ही-डेमचा संच जोडताना देशाच्या नावावरून जोडू नयेत. जागतिक बँक ‘काबो व्हर्दे’ लिहिते, व्ही-डेम ‘केप व्हर्दे’. एकीकडे ‘कोरिया, रिपब्लिक’, दुसरीकडे ‘साउथ कोरिया’. तीन अक्षरी कोडावरून जोडावे आणि न जुळलेल्या ओळींची यादी काढून डोळ्यांनी पाहावी. तुवालू, मार्शल बेटे यांसारखे चिमुकले देश व्ही-डेममध्ये नाहीतच. तेच देश उत्पन्नाच्या मानाने सर्वांत जास्त मदत घेणाऱ्यांत असल्यामुळे जोडणीनंतर आलेखाचा उजवा टोकाचा भाग विरळ होतो. ते एका अर्थी बरेच आहे, कारण दहा हजार वस्तीच्या बेटाला कोट्यवधी वस्तीच्या देशाइतके वजन मिळण्याचे कारण नाही. पण गाळले हे लिहावे.

चाचणीसाठी गोव्यातल्या वाचकाला सर्वांत जवळची वाटेल अशी जोडी पोर्तुगालच्या जुन्या वसाहतींची. केप व्हर्दे आणि गिनी-बिसाऊ हे दोन्ही देश एकाच पक्षाच्या लढ्यातून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर स्वतंत्र झाले, दोघांनाही उत्पन्नाच्या मानाने भरपूर मदत मिळाली. १९८० मध्ये बिसाऊत लष्करी उठाव झाला आणि वाटा फुटल्या. केप व्हर्देत १९९१ मध्ये बहुपक्षीय निवडणूक झाली, सत्ताधारी पक्ष हरला आणि त्याने सत्ता सोडली. डिसेंबर २००७ मध्ये तो देश अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. बिसाऊत १९९८-९९ मध्ये यादवी, २००३ आणि २०१२ मध्ये उठाव. १९९८ ची ओळ पाहिली तर उत्पन्न एका वर्षात २८ टक्क्यांच्या आसपास घसरलेले दिसते. आज केप व्हर्देचे दरडोई उत्पन्न बिसाऊच्या चौपटीहून अधिक आहे. डेटाबँकेत ही जोडी काढायला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि आलेख बोलका येतो. पण यातून ‘लोकशाहीने वाढ झाली’ असे सिद्ध होत नाही: केप व्हर्देला परदेशी गेलेल्यांचा पैसा होता, पर्यटन होते, आणि मुख्य म्हणजे युद्ध नव्हते. दोन देशांच्या तुलनेतून प्रश्न धारदार होतो, उत्तर मिळत नाही.

मोझांबिकची मालिका याहून शिकवणारी. १९९२ चा शांतता करार, १९९४ ची निवडणूक, मग मदतीच्या आधारे दीर्घकाळ वेगाने वाढ. आणि २०१६ मध्ये उघड झाले की सरकारी पाठबळाच्या कंपन्यांनी २०१३-१४ मध्ये संसदेला अंधारात ठेवून दोन अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज उचलले होते. दात्यांनी अर्थसंकल्पी मदत थांबवली, वाढीचा वेग उतरला. हे कर्ज व्यापारी असल्याने मदतीच्या स्तंभात कधी नव्हतेच. निवडणुका होत होत्या. तुटले होते ते संसदेचे नियंत्रण. व्ही-डेममध्ये यासाठी वेगळा निर्देशक आहे: विधिमंडळ सरकारची चौकशी प्रत्यक्षात करते का. मदत आणि वाढीच्या अभ्यासात एकत्रित लोकशाही निर्देशांकापेक्षा असे सुटे घटक घ्यावेत, असे आमचे ठाम मत आहे. मतदान आणि लेखापरीक्षण ही दोन वेगळी कामे आहेत आणि पैशाचा माग दुसऱ्याने लागतो.

साधा आलेख फसवा का ठरतो? कारण मदत संकटाच्या मागे जाते. पूर आलेल्या गावात होड्या जास्त दिसतात, म्हणून होड्यांनी पूर आणला असे कोणी म्हणत नाही. यातून वाट काढणाऱ्या संशोधनाचा इतिहासही सावध करणारा आहे. बर्नसाइड आणि डॉलर (हे आडनाव आहे) या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये ५६ देशांच्या १९७० ते १९९३ च्या आकड्यांवरून दाखवले की चांगली आर्थिक धोरणे असतील तिथे मदत वाढीला हातभार लावते. दात्या देशांच्या धोरणावर त्याचा मोठा परिणाम झाला. २००४ मध्ये ईस्टर्ली, लेव्हिन आणि रूडमन यांनी तेच गणित १९९७ पर्यंतचे आकडे आणि आणखी देश घेऊन केले तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. गॅलिआनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वेगळी युक्ती केली: जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जाची उत्पन्नमर्यादा ओलांडल्यावर मदत घटते, तर त्या ३५ देशांत पुढे काय झाले ते पाहिले. उत्पन्नाच्या एक टक्का जादा मदतीमागे वाढीत सुमारे ०.३५ टक्का बिंदूंचा फरक त्यांना दिसला. लोकशाहीबाबत असेमोग्लू आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा निष्कर्ष असा की लोकशाहीत आल्यावर २५ वर्षांत दरडोई उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी अधिक होते. त्यांनीच दाखवले की लोकशाही येण्याच्या आधीची काही वर्षे उत्पन्न घसरत असते. ती घसरण हिशेबात घेतली नाही तर लोकशाहीचा परिणाम चुकीचा मोजला जातो.

विद्यार्थ्याने त्यातून घ्यायचे ते हे. एकेका वर्षाऐवजी चार किंवा पाच वर्षांची सरासरी घ्यावी. मदत एक कालखंड मागे सरकवावी, म्हणजे २००१-०५ ची मदत २००६-१० च्या वाढीशी जोडावी. अन्नधान्य आणि आपत्तीची मदत वेगळी काढावी. तिचा हेतूच वाढ हा नव्हता. सुरुवातीचे दरडोई उत्पन्न, युद्ध आणि लोकसंख्या यांचे स्तंभ सोबत ठेवावेत. दहा लाख लोकसंख्येखालचे देश एकदा ठेवून आणि एकदा काढून गणित करावे. मदत आणि लोकशाही यांच्या गुणाकाराचा स्तंभ घालायचाच असेल तर दोन्ही सुटे स्तंभही समीकरणात हवेतच. ते राहून जाणे ही प्रकल्पांत फार वेळा दिसणारी चूक. आणि भारत एकटा घेऊन हा अभ्यास करू नये. २००० नंतर भारताला मिळालेली निव्वळ मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. एवढ्याशा चढउताराने सात टक्क्यांची वाढ समजावता येत नाही. गोवा एकटा घेणे तर या सेवेत शक्यच नाही, राज्यांचे आकडे तिथे नाहीत. त्यासाठी पर्वरीच्या नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालयाकडेच जावे.

झटपट आलेख हवा असेल, शाळेत दाखवायला किंवा लेखासोबत छापायला, तर ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ अधिक सुटसुटीत आहे. फोनवरही चांगले चालते आणि व्ही-डेमचे आकडे तिथे आधीच जुळवून ठेवलेले असतात. संशोधनाला मात्र मूळ संचच घ्यावा.

शेवटी वेळापत्रक. मदतीचे प्राथमिक आकडे एप्रिलमध्ये येतात, देशवार अंतिम आकडे वर्षअखेरीच्या सुमारास. व्ही-डेमची नवी आवृत्ती मार्चमध्ये. जागतिक बँकेचा संच वर्षातून अनेकदा सुधारला जातो. २०२३ मध्ये सुमारे २२४ अब्ज डॉलर असलेली एकूण मदत २०२४ मध्ये सुमारे २१२ अब्जांवर आली, आणि १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची यूएसएड ही संस्था बंद झाली. तिच्या पैशावर चालणारी अनेक देशांतली आरोग्य सर्वेक्षणेही त्याच वर्षी अडली, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत आफ्रिकी देशांच्या बालमृत्यू आणि पोषणाच्या स्तंभांत रिकाम्या जागा वाढतील. हे स्तंभ वापरणाऱ्यांनी आत्ता उपलब्ध असलेली फाइल तारखेसह साठवून ठेवावी. मार्चमध्ये प्रकल्प द्यायचा असेल त्याने डिसेंबरात एकदा सगळे संच उतरवावेत आणि त्यानंतर नवी आवृत्ती आली तरी हात लावू नये. अर्धे गणित जुन्या आणि अर्धे नव्या आकड्यांवर झाले की चूक शोधणे अशक्य होऊन बसते.